झाडाच्या ढोलींत घर करणारें काणूक बदक

बदक म्हटलें कीं पाणी, चिखल आणि लव्हाळें हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. बदकाचें घरटें झाडावर असतें असें कोणी सांगितलें तर पुष्कळांस ती थट्टा वाटेल. तथापि आपल्याच महाराष्ट्रांत, आपल्याच गांवतळ्यांच्या कांठीं, जमिनीपासून पुरुषभर व कधीं कधीं त्याच्या कितीतरी पट उंचीवर, जुन्या झाडाच्या ढोलींत अंडीं घालणारीं बदकें आहेत. त्यांतलें सर्वांत लहान आणि रंगानें मोठें देखणें असें जें बदक त्यास काणूक म्हणतात. या पक्ष्याची ओळख करून द्यावी, त्याची राहणी सांगावी, आणि त्याचें टिकणें वा न टिकणें हें सरकारच्या हातीं जितकें आहे त्याहून अधिक बांधाच्या मालकाच्या हातीं कसें आहे तें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शेतकीच्या मासिकांत पक्ष्यांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा पक्षी दोन वस्तूंवर जगतो. एक कमळांनीं भरलेलें उथळ तळें आणि दुसरी म्हातारें, पोकळ झालेलें झाड. या दोन्ही वस्तु शेतकऱ्याच्या किंवा गांवाच्या जमिनींत असतात, आणि दोन्ही आपण निरुपयोगी समजतों. महसुली दप्तरांत तळ्याखालील जमीन पोटखराब म्हणून लिहिली जाते व तिजवर आकार बसत नाहीं. पोकळ झाड तर सर्पणाच्या हिशेबांतच धरलें जातें. ज्यावर आकार नाहीं त्यावर लक्षहि नाहीं, अशी आपली रीत पडून गेली आहे. काणुकाची सारी अडचण या एका रीतींतून उत्पन्न झाली आहे.

ओळखण्याच्या खुणा.— काणूक हें जगांतील अगदीं लहान बदकांपैकीं एक होय. त्याची लांबी सुमारें एक फूट, म्हणजे साधारण कबुतराएवढी असते. कांहीं पक्ष्यांचें वजन तर अवघें १६० ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबानें पावणेचौदा तोळ्यांच्या आसपास भरतें. विणीच्या दिवसांत नराचें डोकें, मान व पोट पांढरें शुभ्र असतें. माथा काळसर, पाठ काळी पण उन्हांत हिरवी झळाळी मारणारी, आणि मानेच्या तळाशीं काळ्या पट्ट्याचा एक गळपट्टा असतो. नराचा डोळा तांबडा असतो. मादी तपकिरी रंगाची, फिकट व साधी. तिच्या डोळ्यांतून एक काळी रेघ गेलेली दिसते व तिला नरासारखा ठळक गळपट्टा नसतो. दोघांचीहि चोंच इतर बदकांसारखी चपटी व रुंद नसून आखूड आणि मुळाशीं जाड, हंसाच्या चोंचीसारखी असते. त्यामुळेंच इंग्रज ग्रंथकारांनीं यास ‘खुजा हंस’ अशा अर्थाचें एक नांव दिलें. दुसरें नांव ‘कॉटन टील’, म्हणजे कापसाचें बदक. नराचें पांढरें अंग ज्यानें पाहिलें असेल त्यास तें नांव पटेल. शास्त्रीय नांव ‘नेट्टापस कोरोमांडेलियानस’ असें असून त्यांत आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्याचें, म्हणजे कोरोमंडलाचें नांव गोंविलेलें आहे.

पाण्यावर बसलेलें काणूक दूर असलें तरी उडालें कीं ओळख निश्चित होते. नराच्या पंखांवर रुंद पांढरा पट्टा आहे, तो उडतांना झळकतो. मादीच्या पंखाच्या मागील कडेस फक्त एक बारीक पांढरी रेघ दिसते. उड्डाण जलद, पण पाण्यापासून फार उंच नसतें. झाडांच्या फांद्यांमधून वळणें घेत हा पक्षी मोठ्या चपळाईनें जातो. उडतांना नर एक प्रकारचा कुडकुडाट करतो. विणीचा काळ संपला म्हणजे नर आपली झळाळी व गळपट्टा टाकतो आणि मादीसारखा दिसूं लागतो. मात्र पंखावरील पांढरा पट्टा राहतो. तेव्हां हिंवाळ्यांत सगळ्याच माद्या दिसतात असें वाटलें तर थोडें थांबून त्यांस उडूं द्यावें, म्हणजे नर कोणता हें आपोआप कळेल.

इतर पक्ष्यांशीं होणारा घोटाळा.— काणुकाची मादी व टिबुकली या दोहोंत नवख्या माणसाचा नेहमीं घोटाळा होतो. दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी. परंतु टिबुकलीची चोंच अणकुचीदार असते आणि ती क्षणोक्षणीं बुडी मारते. काणूक बहुतेक वेळ पाण्यावर तरंगून कमळाच्या पानांमधून चोंचीनें टिपीत असतें. त्यालाहि बुडी मारतां येते, पण जखम झाली किंवा जिवावर बेतलें म्हणजे तो गुण विशेष दिसतो.

झाडावर घर करणारीं आणखी दोन बदकें आपल्याकडे आहेत, त्यांचीहि ओळख येथेंच करून देतों. पहिलें अडई. हें तांबूस तपकिरी, उंच मानेचें, थव्यानें राहणारें बदक असून उडतांना शीळ घालतें. शिळेवरूनच पुष्कळ ठिकाणीं तें अंधारांतहि ओळखतात. अडई ढोलींत घर करते, कधीं बगळ्यांचें किंवा कावळ्यांचें जुनें काटक्यांचें घरटें बळकावते, तर कधीं लव्हाळ्यांत जमिनीवरहि अंडीं घालते. दुसरें नकटा. हें मोठें, वजनानें किलो-दोन किलो भरणारें बदक. डोकें व मान पांढरी आणि तिजवर काळे ठिपके, पाठ काळी पण हिरव्या, निळ्या व जांभळ्या झळाळीची. नराच्या चोंचीवर मांसाचा एक मोठा काळा उंचवटा असतो. नांव नकटा आणि नाक मात्र सर्वांहून मोठें, अशी ही गंमत आहे. याउलट आपल्या ओळखीचें हळदी-कुंकू बदक, ज्याच्या चोंचीचें टोंक पिंवळें व मुळाशीं तांबडे ठिपके असतात, तें जमिनीवरच गवतांत घरटें करतें.

कित्येक शेतकरी घरीं मस्कव्ही जातीचीं बदकें पाळतात. त्यांच्या तोंडावर तांबडें मांस असतें. हीं बदकें छपरावर व फांदीवर जाऊन बसतात याचें लोकांस नवल वाटतें. परंतु त्यांचे रानटी पूर्वज अमेरिका खंडांतील असून तेहि झाडांच्या ढोलींतच अंडीं घालतात, हें कळलें म्हणजे तें नवल उरत नाहीं. पाळीव झाल्यावरहि जुनी खोड जात नाहीं इतकेंच.

ज्यांस पक्षी पाहण्याची अधिक हौस आहे त्यांनीं डॉ. सालीम अली यांचें १९४१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेलें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक जवळ ठेवावें. डॉक्टरसाहेबांचें (१८९६–१९८७) घर वांद्र्याच्या पाली टेकडीवर होतें, आणि १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीशीं त्यांचा जन्मभर संबंध होता. मराठींत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं वनखात्यांत नोकरी करीत असतां गांवोगांवचीं पक्ष्यांचीं नांवें गोळा करून ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. त्यामुळें आपल्या भाषेंतील नांवें विस्मृतींत जाण्यापासून वांचलीं. नांव गेलें कीं ओळख जाते आणि ओळख गेली कीं काळजी जाते. म्हणून आपल्या गांवीं या पक्ष्यास काय म्हणतात हें वडीलधाऱ्यांस विचारून प्रत्येकानें लिहून ठेवावें असें आम्हांस वाटतें.

राहणी व आहार.— काणूक परदेशांतून येणारा पाहुणा नव्हे. तो बाराही महिने आपल्याच देशांत राहतो. पावसाचें पाणी जसें भरेल वा आटेल तशी जागा मात्र बदलतो. कमळें, कुमुदिनी व इतर तरंगत्या वनस्पति ज्या तळ्यांत आहेत तेथें तो रमतो. पाणवनस्पतींचें बीं, कोंवळे कोंभ व पानें हा त्याचा मुख्य आहार असून जोडीला पाण्यांतील किडेहि तो खातो. सबंध तळें जलपर्णीनें झांकून गेलें तर त्यास पोहण्यास जागा राहत नाहीं, आणि सबंध तळें खरवडून स्वच्छ केलें तर खाण्यास कांहीं राहत नाहीं. मध्यें मोकळें पाणी व कडेला कमळें, ही त्याची आवडती मांडणी होय.

ढोलीतलें घर.— विणीचा काळ पावसाळ्याचा. सुमारें जूनपासून सप्टेंबरपर्यंत जोडपें पाण्यांत उभ्या असलेल्या किंवा पाण्याजवळच्या झाडांत ढोली शोधतें. कधीं कधीं पडक्या इमारतीच्या भिंतींतील भोंकहि चालतें. ढोलीच्या तळाशीं असलेल्या भुशावर, कधीं थोडें गवत व पिसें घालून, मादी साधारणतः सहा ते बारा अंडीं घालते. अंडीं हस्तिदंतासारखीं पांढरीं असतात. तीन-साडेतीन आठवडे उबविल्यावर पिलें बाहेर पडतात.

यापुढचा प्रकार ज्यानें पाहिला नाहीं त्यास तो खरा वाटणार नाहीं. चिमणी किंवा पोपट आपल्या पिलांस घरट्यांत आठवडेच्या आठवडे भरवितात. बदकाच्या पिलांस असें कोणी भरवीत नाहीं. त्यांस जन्मतःच डोळे उघडे, अंगावर लव आणि पायांत चालण्याचें बळ असतें. ढोलींत घर करणाऱ्या बदकांची सर्वसाधारण रीत अशी कीं, पिलें एक-दोन दिवसांचीं होतात न होतात तोंच मादी खालीं उतरून हांक मारते. पिलें आपल्या तीक्ष्ण नखांनीं ढोलीच्या आंतील खरखरीत बाजू चढून तोंडाशीं येतात आणि एकामागून एक खालीं उडी टाकतात. अंग हलकें व लवेनें भरलेलें असल्यामुळें उंचावरून पडूनहि त्यांस सहसा इजा होत नाहीं. मग आई पुढें व पिलें मागें अशी ओळ थेट पाण्याकडे निघते.

आतां शेतकऱ्यानें विचार करावा. ढोलीखालीं मऊ माती, गवत किंवा पाणी असेल तर उडी सुखरूप होते. खालीं फरशी असेल, किंवा झाड व पाणी यांच्यामध्यें वाहता रस्ता अथवा उंच भिंत असेल, तर ढोलींतून उतरलेलें पिलू पाण्यापर्यंत पोंचतच नाहीं. म्हणजे नुसतें तळें असून भागत नाहीं, नुसतें झाड असूनहि भागत नाहीं. दोन्ही एकमेकांजवळ असलीं पाहिजेत आणि मधली वाट खुली पाहिजे. या लेखांतील मुख्य गोष्ट हीच होय.

ढोली कशी होते.— बदकास सुतारपक्ष्याप्रमाणें लांकूड कोरतां येत नाहीं. त्यास तयार ढोलीच लागते. वादळानें मोठी फांदी मोडते, त्या जखमेंतून पावसाचें पाणी शिरतें, बुरशी लागते, आंतला गाभा कुजतो, वाळवी तो पोंखरते, आणि अशा रीतीनें वर्षांमागून वर्षें लोटल्यावर बदकाचें अंग मावेल एवढी जागा होते. चिंच, आंबा, जांभूळ, उंबर, अर्जुन अशीं झाडें म्हातारपणीं अशा ढोल्या देतात. आज लाविलेलें रोप उत्तम वाढलें तरी आपल्या नातवाच्या हयातींत तें बदकास उपयोगी पडेल, आपल्या नाहीं. एका झाडाबद्दल दहा झाडें लावूं असें जें सांगतात, त्यांत सावली व फळ यांचा हिशेब असेल, पण ढोलीचा नाहीं.

ढोलीस गिऱ्हाइकेंहि पुष्कळ असतात. पोपट, मैना, घुबड, नीलपंख हे सारे तिच्यावर टपलेले असतात. धामण, घोरपड व मुंगूस अंड्यांसाठीं येतात. गांवांत अशीं झाडें दहा असलीं तर सर्वांचें निभतें. एकच उरलें तर दुबळ्याची हार होते.

वांद्र्याच्या तळ्याचें उदाहरण.— तळें व झाड यांची फारकत झाली म्हणजे काय होतें हें पाहण्यासाठीं साष्टी बेटांतील वांद्र्याचें उदाहरण घेऊं. आज ज्यास मुंबईचीं उपनगरें म्हणतात तेथें एके काळीं भातशेती, मिठागरें, नारळीच्या बागा व गांवतळीं होतीं. वांद्रे स्टेशनाच्या पश्चिमेस स्वामी विवेकानंद रस्त्याच्या कडेला जें मोठें तळें आहे, तें जवळच्या नौपाडा गांवच्या एका सधन कोंकणी मुसलमान गृहस्थानें बांधविलें असें सांगतात. त्यास पूर्वी ‘लोटस टँक’, म्हणजे कमळतळें, असें नांव होतें. पुढें त्याचें नांव स्वामी विवेकानंद सरोवर असें झालें, आणि मुंबईच्या वारसा-यादींतहि त्याचा समावेश झाला. तळें राहिलें ही समाधानाची गोष्ट होय, कारण मुंबई व उपनगरांतील कितीतरी तळीं बुजवून त्यांवर घरें उठलीं. परंतु नांवांतील कमळ गेलें, कांठ दगडाचे झाले, आणि कडेनें अहोरात्र वाहनें धांवूं लागलीं. पाणी आहे, पण ढोलीपासून पाण्यापर्यंतची वाट नाहीं. असें तळें काणुकास तळें नव्हेच.

वांद्र्याच्या पूर्वेस मिठी नदीच्या मुखाजवळ खाजणें व दलदल होती. तेथें १९७० नंतर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभें राहिलें. त्या मोठ्या शहरास जागा लागली, ती कोठून तरी घ्यावयाचीच होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि वांद्र्यांत जें झालें तें पालघर, ठाणें व रायगड या जिल्ह्यांतील गांवांत आज आपल्या देखत चालूं आहे. तेथें मात्र जमीन अजून शेतकऱ्याच्या नांवावर आहे, आणि निर्णयहि त्याचाच आहे. उपनगरांतहि जेथें झाडी आणि पाणी जवळजवळ राहिलीं, जसें पवईचा तलाव (१८९१), तेथें अडईसारखीं बदकें अजून दिसतात. यावरून शहर जवळ आलें कीं पक्षी जाणारच, असें म्हणण्यास आधार नाहीं.

भातशेती आणि तळें यांची जुनी सोयरीक पाहावयाची असेल तर भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांकडे पाहावें. तेथें कोहळी समाजानें पूर्वी बांधलेले शेंकडों तलाव असून त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणतात. नवेगावबांधचा प्रसिद्ध तलाव त्यांतलाच. तलावाच्या पाळीवर जुनीं झाडें, आंत कमळें, खालच्या अंगास भाताचीं बांध्यांनीं आंखलेलीं शेतें, अशी तेथील रचना आहे आणि काणूक तेथें आढळतो. पुढें कित्येक तलावांत बेशरम नांवाची झुडपें माजलीं, देशी पाणवनस्पति कमी झाल्या व मासळी घटली. तेव्हां गेल्या कांहीं वर्षांत तेथील ढीवर समाजाच्या स्त्रियांनीं कांहीं तलावांतील बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पति आपल्या हातांनीं लाविल्या. त्यांचा मुख्य हेतु मासळीचा होता. परंतु जें मासळीस मानवतें तेंच पाणपक्ष्यांसहि मानवतें. गांवानें मनावर घेतलें तर तळें पुन्हां जिवंत होतें, याचें हें घरचें उदाहरण आहे.

परदेशांतील अनुभव.— अमेरिकेंत काणुकाचाच एक दूरचा भाऊबंद आहे. त्यास तेथें ‘वुड डक’, म्हणजे वृक्षबदक म्हणतात. नर इतका रंगीबेरंगी कीं खेळण्यासारखा वाटावा. तोहि ढोलींतच घर करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळें हा पक्षी नामशेष होतो कीं काय अशी वेळ आली. १९१८ सालीं तेथें स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला व शिकार थांबली. परंतु जुनीं झाडें कायद्यानें परत येत नाहींत. म्हणून १९३० नंतरच्या दशकांत तेथील लोकांनीं लांकडाच्या पेट्या करून पाणथळ जागीं टांगण्यास आरंभ केला. पक्ष्यांनीं त्या पेट्या ढोलीप्रमाणें वापरल्या आणि आज तो पक्षी तेथें पुन्हां विपुल झाला आहे.

पूर्व आशियांत ‘मँडरिन’ नांवाचें तसेंच रंगीत बदक आहे. चीन देशांत त्याचें जोडपें दांपत्यप्रेमाची खूण मानतात, जसें आपल्या काव्यांत चक्रवाकाचें. तें आपल्या देशांत क्वचित् येतें. १९०२ नंतर तें पुन्हां आसामांतील तिनसुकिया जिल्ह्यांत २०२१ सालीं दिसलें तेव्हां वर्तमानपत्रांत मोठा गवगवा झाला. आसामांतलेंच ‘देवहंस’ नांवाचें ढोलींत राहणारें मोठें बदक त्या राज्याचा राज्यपक्षी आहे, आणि दाट जुनें जंगल तुटल्यामुळें तें आज अत्यंत दुर्मिळ झालें आहे. एकंदरींत सर्व देशांत गोष्ट एकच. ढोली गेली कीं बदक गेलें. ढोली दिली कीं बदक परतलें.

शेतकऱ्याचा नफा-तोटा.— आम्ही येथें फुगवून कांहीं सांगणार नाहीं. काणूक पाळल्यानें भाताचा उतारा वाढेल असें नाहीं. अडई तर रात्रीं थव्यानें भातांत उतरते व मोड आलेलें बीं फेकून पेरलेल्या चिखलवाफ्यांत नुकसानहि करते. त्यास उपाय इतकाच कीं, रोप धरेपर्यंतच्या थोड्या रात्री राखण ठेवावी, कंदील किंवा आवाज करावा. त्यापुढें तिचा विशेष उपद्रव राहत नाहीं. बंदूक, जाळें वा विष यांची गरज नाहीं, व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें या पक्ष्यांची शिकार करणें आणि त्यांचीं अंडीं घेणें हा गुन्हा आहे.

परंतु ज्या ढोलींत यंदा काणूक आहे तीच ढोली एरव्हीं गव्हाणी घुबडाची किंवा पिंगळ्याची असते. घुबडाचा मुख्य आहार उंदीर-घुशी होय, आणि उंदीर भाताचें शेतांत व कणगींत किती नुकसान करतात हें शेतकऱ्यास सांगावयास नको. नीलपंख टोळ-नाकतोडे खातो, मैना अळ्या वेंचते. हे सारे ढोलीचे भाडेकरू आहेत व भाडें किडे-उंदरांच्या रूपानें देतात. बदक हा त्यांतला न भाडें देणारा पण घराला शोभा आणणारा पाहुणा समजावा. पोकळ झाड तोडून सर्पणाचे पैसे एकदांच मिळतात. तें उभें राहिलें तर ही चाकरी दरसाल मिळते.

काय करावें.— प्रत्येक शेतकऱ्याच्या हातीं असलेल्या कांहीं साध्या गोष्टी पुढें देतों.

१. तळ्याच्या, ओढ्याच्या किंवा खाचराच्या जवळ असलेलें जुनें ढोलीचें झाड राखावें. फांदी घरावर वा विजेच्या तारेवर येत असेल तर तेवढीच छाटावी, खोड उभें ठेवावें. वाळलेलें खोडहि धोक्याचें नसेल तर राहूं द्यावें.

२. ढोली सिमेंटानें किंवा मातीनें बुजवूं नये. मधासाठीं अथवा पोपटाच्या पिलांसाठीं तींत धूर वा आग घालूं नये. अशा आगीनें झाडहि जातें.

३. छाटणी, बांधबंदिस्ती व गाळ काढण्याचीं कामें जूनपूर्वी संपवावीं. विणीच्या महिन्यांत झाडाजवळ गडबड करूं नये.

४. तळ्यांतील गाळ काढून शेतांत टाकणें हें चांगलें काम आहे, व २०१७ पासून राज्यांत त्यासाठीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना निघाली. मात्र यंत्र लावून तळें एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत सारखें खरवडूं नये. एका बाजूस उथळ उतार व कमळांचा पट्टा राखावा. कांठास सर्व बाजूंनीं उभी भिंत घालूं नये. पिलास चढ-उतार करतां येईल, आणि गुरांसहि पाणी पितां येईल, असा एक उतार ठेवावा.

५. बांधावरील झाडांची नोंद पीकपाहणींत करावी. २०२१ पासून सुरूं झालेल्या ई-पीक पाहणींत शेतकऱ्यास स्वतः अशी नोंद करतां येते. आंबा, चिंच, जांभूळ वगैरे झाडें १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या अधिनियमांतील यादींत असून परवानगीवांचून तीं तोडतां येत नाहींत. नागरी हद्दींत १९७५ चा वेगळा अधिनियम लागू असून २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडास त्यांत वारसा-वृक्ष म्हटलें आहे. नोंद असली कीं उद्यां रस्त्याचें किंवा कालव्याचें काम निघालें असतां झाडाचा विचार तरी करावा लागतो. नोंद नसलेलें झाड कागदावर नसतेंच, आणि जें कागदावर नाहीं तें तोडतांना कोणाचा हात अडखळत नाहीं.

६. जेथें तळें उत्तम पण ढोली उरली नाहीं, तेथें पेटीचा प्रयोग करून पाहावा. अमेरिकेंत वृक्षबदकासाठीं वापरतात ती पेटी सुमारें दोन फूट उंच व दहा इंच रुंद असते. तिचें तोंड चार इंच आडवें व तीन इंच उभें, आणि तळाशीं तीन-चार इंच लांकडाचा भुसा असतो. पिलांस चढतां यावें म्हणून आंतील बाजू खरखरीत ठेवितात. साप-मुंगूस चढूं नये म्हणून खांबास पत्र्याचा पाळा बसवितात. पेट्या एकाच जागीं दाटीनें लावूं नयेत. तसें केल्यास अनेक माद्या एकाच पेटींत अंडीं घालतात व पुष्कळशीं अंडीं वायां जातात, असा तिकडील अनुभव आहे. पेटी हा कुबडीसारखा आधार आहे. खरे पाय म्हणजे जुनीं झाडेंच.

आमच्या शेतकरी बंधूंस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. विहीर, बैल, घर, दागिना यांची वांटणी करतांना आपण म्हाताऱ्या झाडाची गणना करीत नाहीं. पण आजोबांनीं लाविलेलें आणि काळानें पोकळ केलेलें झाड हें कोणत्याहि पैशानें नवें विकत मिळत नाहीं. यंदा पावसाळ्यांत आपल्या शिवारांतील अशीं झाडें मोजावीं, तीं तळ्यापासून किती पावलांवर आहेत तें पाहावें, आणि मधली वाट खुली आहे कीं नाहीं हें तपासावें. एखाद्या सकाळीं काळ्या-पांढऱ्या रंगाचा, कबुतराएवढा पक्षी पाण्यावरून उडून थेट खोडांत शिरलेला दिसला, तर त्या झाडावरची कुऱ्हाड कायमची दूर ठेवावी, व शेजाऱ्यासहि तें झाड दाखवून ठेवावें.